तिसरी ‘ब’ची शांतता

गुलमंडीत कापड घ्यायला गेली की करुणा मगरे दुकानदारानं पसरलेली बाजू आधी पाहायचीच नाही. कापड उलटं करायची, कडा चाचपायची, मग भावाचं बोलायची. भाजीवाल्यानं आपणहून वर एक टोमॅटो टाकला, तर पिशवीतले बाकीचे टोमॅटो तपासल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. नवरा धम्मपाल एसटीत मेकॅनिक. तो म्हणायचा, “तू मास्तरीण कशाला झालीस? फौजदार व्हायचं होतंस.” करुणा त्यावर हसायची, पण तो हे आत्ताच का म्हणाला, हा विचार तिच्या मनात येऊन जायचाच.

हर्सूलकडच्या एका प्राथमिक शाळेत ती चौथीला शिकवत होती. शाळेची शिस्तही कित्येक वर्षं तिच्याकडेच होती. प्रार्थनेला रांगा लावणं, नखं पाहणं, जिन्यात पळणाऱ्यांना परत वर पाठवून सावकाश खाली उतरायला लावणं, नळावरची ढकलाढकली सोडवणं, ही सगळी तिची कामं. छडी शाळेतून केव्हाच गेली होती आणि करुणाला तिची कधी आठवणही झाली नाही. ‘मॅडम, पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या पोराकडं ती नुसती बघत राहायची. खरोखर दुखत असेल तर पोरगं ती नजर सोसायचं. नसेल तर पोटदुखी आपसूक थांबायची. पोरं तिला टरकून असत, पण मधल्या सुट्टीत भांडण झालं की निवाड्याला तिच्याकडंच धावत येत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि शेजारची तिसरी ‘ब’ गप्प झाली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. आधी त्या वर्गातून दिवसभर कल्ला यायचा. बाकं सरकायची, डबे पडायचे, कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगत रडायचं. जूनमध्ये रुजू झालेल्या मंजुषा मॅडमच्या गोड, बारीक आवाजाला तिथं कुणी जुमानत नव्हतं. आणि आता तीच पोरं तोंडावर बोट न ठेवता, कुणी न सांगता, ओळीनं नळावर जात आणि ओळीनं परत येत. मॅडम वर्गात नसल्या तरी आवाज नाही.

केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा त्या वर्गाच्या दारात थबकलेच. “वा! आदर्श वर्ग,” म्हणाले. मुख्याध्यापक बद्रीनाथ औताडे यांची छाती फुगली. पालक फाटकाशी मंजुषा मॅडमना नमस्कार करू लागले. पोरगं घरीसुद्धा शहाणं झालंय म्हणे.

करुणाला मात्र ते कापड उलटं करून पाहावंसं वाटत होतं.

“एवढी शांतता मला बरी वाटत नाही,” ती एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलून गेली. कुणीतरी चहाच्या कपावरून म्हणालं, “शिस्तीला आजवर तुमचं नाव होतं मॅडम. आता दुसऱ्याचं झालं, एवढंच.” सगळे हसले. करुणाही हसली, आणि घरी जाताना रस्ताभर स्वतःलाच तपासत राहिली. जळते आहे का मी? थोडीफार जळत असेनही. पण जळणाऱ्या माणसाला दिसतं ते सगळं खोटंच असतं, असं थोडंच आहे?

मग ती बघू लागली. तिसरी ‘ब’ची पोरं हसण्याआधी शेजाऱ्याकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत. एखाद्याला काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी तो मागं वळून बघे. आठ वर्षांच्या पोरांच्या नजरेत असा हिशेबीपणा तिनं आजवर पाहिला नव्हता. तिच्या चौथीतली पोरं खोटं बोलत, पण बिनधास्त बोलत. ही पोरं खरं बोलतानाही दबकत होती.

एका दुपारी मधल्या सुट्टीत ती ओट्यावर उभी होती. तिसरी ‘ब’चे काही जण लिंबाखाली चेंडू खेळत होते. तनुजा नावाची, दोन घट्ट वेण्यांची मुलगी पायरीवर एकटीच डबा खात बसली होती. चेंडू गडगडत तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलला, पुसला आणि हात पुढं करून उभी राहिली. खेळणारी पोरं जागच्या जागी थांबली. कुणी पुढं आलं नाही, कुणी ‘टाक ना’ही म्हटलं नाही. कुणी आभाळाकडं बघत होतं, कुणी पायानं माती उकरत होतं. शेवटी तनुजानं चेंडू जमिनीवर ठेवला आणि ती परत पायरीवर जाऊन बसली. तेव्हा कुठं एकजण पळत आला, चेंडू उचलून गेला. तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

करुणा तिच्याजवळ गेली. “काय झालं गं? भांडण झालंय का?”

“नाही मॅडम.”

“मग खेळत का नाहीस?”

“काही नाही मॅडम,” तनुजा म्हणाली आणि तिनं लिंबाकडं पाहिलं. तिकडून सगळा वर्ग ह्या दोघींकडं बघत होता.

मंजुषा मॅडमना विचारलं तर त्या गोड हसल्या. “जरा हट्टी आहे हो ती. एकटं राहायला आवडतं तिला.”

करुणाच्या डोक्यात शिरलं ते मारहाणीचंच. नवी बाई दार लावून पोरांना मारत असणार, आणि सांगाल तर बघा, असा दमही देत असणार. तिनं तनुजाचे तळहात पाहिले, कोपर पाहिले. वळ नव्हता. बाकीच्या पोरांची नखं तपासण्याच्या निमित्तानं हात बघून घेतले. काही नाही. तरी तिचा संशय हटेना. वळ उठू न देता मारणारेही असतातच की. ती स्वतःच्या पोरांना गणितं घालून तिसरी ‘ब’च्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहू लागली. आतून फक्त मंजुषा मॅडमचा मध घोळल्यासारखा आवाज यायचा. शाळा सुटायच्या आधी थोडा वेळ मात्र तोही यायचा नाही. नुसती चपलांची सरसर, एकामागून एक.

शेवटी तिला राहवलं नाही. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर तिनं विचारलं, “मंजुषा मॅडम, तुम्ही मुलांना मारता का?”

“मी?” मंजुषाचे डोळे भरून आले. “मी आजवर एकाही लेकराच्या अंगाला हात लावलेला नाही. हवं तर वर्गात चला, मुलांनाच विचारा.”

मुलांना विचारलं. मुलं एका सुरात म्हणाली, “नाही मारत.” आणि ते खरं होतं, हे करुणाला त्यांच्या तोंडाकडं बघताच कळलं.

औताडे सरांनी तिला बोलावून घेतलं. “करुणा मॅडम, तुम्ही खिडकीबाहेर उभ्या राहता म्हणे. शोभतं का हे? तुमची ज्येष्ठता मी मानतो. पण नव्या माणसाला असं छळायचं?” जरा थांबून म्हणाले, “जानेवारीपासून शिस्तीचं काम मंजुषा मॅडमकडं देतोय. त्यांची पद्धत सगळ्या शाळेला लावू.”

“पद्धत काय आहे सर?”

“प्रेमाची पद्धत आहे म्हणाल्या. सविस्तर सांगणार आहेत.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“मॅडम,” सर चष्मा काढत म्हणाले, “परिणाम दिसतोय ना?”

त्या दिवसापासून करुणा खोलीत आली की गप्पा विरायच्या. तिनं खिडकीशी जाणं सोडलं. आपण एका बाईला उगाच रडवलं, ही टोचणी होती. आणि काहीतरी आहेच, हा किडाही डोक्यातून जात नव्हता.

डिसेंबरात मंजुषा मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. त्यांच्या वर्गावर कुणाला पाठवायचं यावर जरा कुजबुज झाली, पण त्या तासाला मोकळी करुणाच होती. ती तिसरी ‘ब’त गेली. पोरं उभी राहिली, बसली. तिनं एक गंमत सांगितली. तिच्या चौथीत त्या गमतीवर बाकं वाजायची. इथं कुणी हसलं नाही. पोरांनी फक्त एकमेकांकडं पाहिलं, आधी कोण हसतंय ते बघायला.

“बरं. तनुजा, पुढं ये. धडा वाच.”

तनुजा आली आणि वाचू लागली. छान वाचत होती, थांबायच्या जागी थांबून. आणि तिनं पहिलं वाक्य उच्चारलं तसा सगळा वर्ग खाली बघू लागला. एकूण एक मान खाली. जणू पुढं कुणी उभंच नव्हतं.

“सुंदर वाचलंस,” करुणा म्हणाली. “टाळ्या.”

एकही टाळी वाजली नाही.

“का रे?”

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, ती गप्पमध्ये आहे.”

“गप्पमध्ये म्हणजे?”

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. एक बोलायचा, बाकीचे त्याच्याकडं टक लावून बघायचे. शाळा सुटायच्या आधी प्रत्येकानं एकेक करून मॅडमच्या कानात सांगायचं, की आज शेजारच्यानं काय चुकीचं केलं. ज्याची चूक निघेल तो गप्पमध्ये जातो. मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही. मॅडम ‘उघड’ म्हणेपर्यंत. आणि गप्पमधल्याशी जो बोलेल, तोही आत.

“तनुजानं काय चूक केली?”

“ती सांगतच नाही, मॅडम.”

“काय सांगत नाही?”

“कानात काहीच सांगत नाही. रोज म्हणते, मी काही पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, जो सांगत नाही तो लपवतो.”

“कधीपासून?”

पोरांना ते नीट सांगता येईना. संक्रांतीच्या पतंगांच्या गप्पा अजून सुरू झाल्या नव्हत्या तेव्हापासून, एवढं कळलं.

करुणा खुर्चीत बसली. पैठणकडच्या खेड्यातले तिचे वडील कडुबा तिला आठवले. धर्मांतरानंतर वस्तीतल्या लोकांनी गावकीची कामं सोडली, तेव्हा गावानं त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. कडुबा तेव्हा लहान होते. पुढं म्हातारपणी ते सांगायचे, की पिठाची गिरणी बंद झाली, दुकान बंद झालं, ते आईबापानं निभावलं. पण ज्याच्याबरोबर म्हशी धुतल्या तो सवंगडी समोरून आला आणि झाडाकडं बघावं तसं बघून पुढं गेला, ते काही निभेना. मोठ्यांनी केलेला तो अन्याय, आणि हा इथं एका गोड बोलणाऱ्या बाईनं मांडलेला खेळ. दोन्ही एक नव्हतं, हे करुणाला कळत होतं. तरीही ती खुर्चीतून उठली.

ती तशीच औताडे सरांकडं गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मारलं का? नाही. ओरडलं का? तेही नाही. थोडा वेळ बोलायचं नाही, एवढंच ना? आमच्या घरी आई अबोला धरायची.”

“सर, एकट्या आईनं धरलेला अबोला वेगळा. हा सगळ्या गावानं धरलाय.”

“तुम्ही नाही तिथं गाव कशाला आणता?” सर जरा तिरकसच बोलले आणि त्यांनी समोरचं रजिस्टर उघडलं.

संध्याकाळी करुणा तनुजाच्या घरी गेली. हर्सूल तलावाच्या अलीकडं, नव्या वस्तीत त्यांचं घर. वडील शिवराज वाळूजच्या कंपनीतून नुकतेच आलेले. आजी लक्ष्मीबाई ओसरीत मेथी निवडत होती. करुणानं सगळं सांगितलं. शिवराजच्या कपाळावरची आठी काही हलेना.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला. “फाटकाशी ऐकलंय आम्ही. तुमची शिस्त काढून त्यांना दिली म्हणे. आता तुमच्या भांडणात आमची पोरगी कशाला?”

लक्ष्मीबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. “बाई, खरं सांगा. तुमचं अन् त्या नव्या बाईचं वाकडं हाय का?”

“आहे,” करुणा म्हणाली. “पण त्यापायी आले नाही मी.”

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. माणूस पारखायची तिचीही रीत करुणासारखीच असावी. मग ती लेकाला म्हणाली, “शिवा, पोरगी घरी आपल्याशी बोलती का? गच्चीवर वाळत घातलेल्या कापडांशी बोलती. मी ऐकलंय. मला वाटलं खेळतीय.” तिनं हाक मारली. “तनू, इकडं ये बाळा. बाईच्या कानात काय बी सांगायचं नाय, असं का गं केलंस?”

तनुजा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. “मला काही दिसलंच नव्हतं.”

“खरं?”

तनुजा नखानं चौकटीचा रंग खरवडू लागली. “दिसलं होतं. सार्थकला बाकावरच शू झाली होती. मी पाण्याची बाटली सांडली त्याच्यावर, कुणाला कळू नये म्हणून.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “असलं कुणी कुणाला सांगतं का?”

शिवराजनं मान खाली घातली. लक्ष्मीबाई मात्र उठून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना ती नातीचं बोट धरून आली, तिला वर्गात सोडलं आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. शाळेची शिपाईण वच्छलाबाई म्हणाली, “आजी, सर कामात हाईत.” लक्ष्मीबाई म्हणाली, “असू दे. मला लई वेळ हाय.” सर आले, समजावू लागले. तिनं एवढंच म्हटलं, “मला काय बी सांगू नका. वर्गात जा अन् डोळ्यानं बघा. बघून आल्यावर तुमी म्हणाल ते मला कबूल.”

सर गेले. करुणा मागं दारात उभी राहिली. सर हसऱ्या तोंडानं वर्गात फिरले, दोघातिघांच्या डोक्यावर टपली मारली, मग म्हणाले, “तनुजाकडं पट्टी नाही वाटतं. सार्थक, तुझी पट्टी तिला दे बघू.”

सार्थक उठला. पट्टी हातात घेतली. तनुजाचं बाक एका हातावर होतं, पण त्याचा हात पुढं होईना. त्यानं मागं बघितलं, बाजूला बघितलं. मग तो रडू लागला.

“अरे, काय झालं? दे ना.”

“सर, दिली तर मी पण गप्पमध्ये जाईन.”

“मी सांगतोय ना? मी हेडमास्तर आहे ह्या शाळेचा.”

“पण तुम्ही गेल्यावर?” सार्थक म्हणाला.

मागच्या बाकावरची दोन पोरं सार्थककडं एकटक बघत होती. रडतोय, बोलतोय, बाकावरून उठलाय. कानात काय सांगायचं ते त्यांनी आत्ताच ठरवून टाकलं होतं. औताडे सरांनी ती नजर पाहिली. त्यांचं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. बाहेर आल्यावर ते करुणाकडं न बघता म्हणाले, “माझी नातही तिसरीतच आहे. दुसऱ्या शाळेत.”

मंजुषा मॅडम परत आल्या त्या दिवशी पद्धत बंद झाली. खोलीत बंद दाराआड काय बोलणं झालं ते करुणाला ठाऊक नाही. नंतर मात्र मंजुषा नळाशी तिला गाठून म्हणाली, “आधीच्या शाळेत वर्ग आवरत नाही म्हणून मला काढलं होतं. मला ओरडता येत नाही मॅडम. मारायचं तर नव्हतंच. मग मी काय करायचं होतं?” ती खरं बोलत होती. करुणाला तिची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

“मला विचारायचं होतं,” ती म्हणाली.

“तुम्हाला?” मंजुषा म्हणाली. “तुम्ही तर पहिल्या दिवसापासून मी चोर असल्यासारखं बघत होता माझ्याकडं.”



सर्वांत अवघड गोष्ट पुढंच होती. पोरांना ‘आता सगळे उघड’ असं सांगितलं, तरी ती बोलेनात. त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. कोण आधी बोलतो ते बघून त्याला धरणार. एकानं करुणाला विचारलंसुद्धा, “खरंच ना मॅडम? का तपासायला?” जिन्यात पळू नका म्हणून ओरडण्यात जिची वर्षं गेली, ती करुणा रोज एक तास तिसरी ‘ब’त जाऊन पोरांना कल्ला करायला शिकवू लागली. भेंड्या लावल्या, वाकुल्या दाखवल्या. मंजुषा कोपऱ्यात बसून बघायची. हळूहळू तीही ओळी म्हणू लागली. फेब्रुवारीत कधीतरी तनुजा आणि सार्थक खोडरबरावरून कडाकडा भांडले, तेव्हा दोघीही मुकाट बसून राहिल्या. भांडण पुरतं होऊ दिलं.

जूनमध्ये तनुजा करुणाच्या चौथीत आली. पहिल्याच महिन्यात व्हरांड्यातली तुळशीची कुंडी कुणीतरी फोडली. करुणा वर्गासमोर उभी राहिली. “कुणी पाहिलं?” हे तिच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, आणि निघताच तिला ते शब्द कसेसेच वाटले. तेवढ्यात तनुजानं हात वर केला.

“मी पाहिलं, मॅडम. पण मी सांगणार नाही. ज्यानं फोडली त्यानं सांगावं.”

करुणाच्या मनात आधी काय आलं असेल? हिनंच तर फोडली नसेल? ते येणारच होतं. स्वभाव काही जात नाही. ती तनुजाकडं बघत राहिली आणि तनुजाही नजर न चोरता तिच्याकडं.

“बस खाली,” करुणा म्हणाली. “मधल्या सुट्टीत सगळे मिळून माती गोळा करू. नवी कुंडी मी आणते.”

कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. माती गोळा करताना मात्र करुणाचं सगळं लक्ष पोरांच्या हातांकडं होतं. एकजण जरा जास्तच मन लावून काम करत होता.